द्राक्षं आमची, वाइन सरकारची

मंडळी, एक प्रयोग करून बघा. कोणत्याही मेडिकलच्या दुकानात जा आणि द्राक्षासव मागा. दुकानदार मानही वर न करता बाटली काढून देईल. ना परवाना, ना वयाची चौकशी, ना कोणी बघेल याची धास्ती. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचलीत तर आत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे असं तिथे सरळ छापलेलं दिसेल. असणारच! द्राक्षं किंवा मनुका, गूळ किंवा साखर, धायटीची फुलं, थोडे मसाले, आणि तोंड बांधून महिनाभर ठेवून दिलेलं भांडं. याला आयुर्वेदात आसव म्हणतात. यातले मसाले काढून टाकले की जे उरतं त्याला वाइन म्हणतात. आणि ती घरच्या बरणीत लावली की महाराष्ट्रात त्याला गुन्हा म्हणतात.

हो, गुन्हा. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे (नाव बदलून आता 'महाराष्ट्र' झालंय इतकंच). त्यात परवान्याशिवाय मद्य तयार करायला बंदी आहे आणि तुरुंगाची तरतूद आहे. विकायला केलं की घरी जेवताना घ्यायला, गाळलं की नुसतं आंबवलं, हा फरक तो कायदा करत नाही. वर गंमत अशी की प्यायलासुद्धा परवाना लागतो, आणि तो मिळतो 'आरोग्याच्या जपणुकीसाठी'! राज्यातला प्रत्येक परवानाधारक बेवडा कागदोपत्री प्रकृती सांभाळतोय.

आता तुम्ही म्हणाल, फलटणसारख्या गावात राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या मास्तरला ही उठाठेव कशाला? माउलींची पालखी जिथे मुक्कामाला येते, ज्याला महानुभाव पंथाची दक्षिण काशी म्हणतात, त्या गावात बसून वाइनची वकिली? तर सांगतो.

जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. फलटणहून बारामतीकडे निघालात की पलीकडे रोटी गावाजवळ मोठी वायनरी आहे. पंढरपूरच्या वाटेनं गेलात तर माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ मोटेवाडीला इटालियन भागीदारांबरोबर उभ्या राहिलेल्या द्राक्षबागा आणि वायनरी आहे. खाली सांगली जिल्ह्यात पलूसला तर सरकारनंच वाइन पार्क काढलं. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिककडे विंचूर, इकडे पलूस अशा दोन जागा ठरवल्या. वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. पुढे तर २० टक्के व्हॅट घ्यायचा आणि त्यातले १६ टक्के वायनरीला परत द्यायचे अशी योजना झाली. म्हणजे आमच्या तिन्ही बाजूंना सरकारच्या आशीर्वादानं वाइन होते. आमच्या स्वयंपाकघरात तेवढी होता कामा नये!

माझी सासुरवाडी तासगाव तालुक्यात. मेहुण्याची द्राक्षबाग आहे. दोन-चार वर्षांतून एकदा ऐन तोडणीत अवकाळी पाऊस येतो, मणी तडकतात आणि व्यापारी बागेत पाऊल ठेवायला तयार होत नाही. बेदाण्याला घालावीत तर तडकलेला मणी शेडवर नीट वाळत नाही. मग ती द्राक्षं मातीमोल भावानं जातात, नाहीतर बांधावर ओततात. ओतलेल्या ढिगाला दोन दिवसांत जो आंबूस वास सुटतो ना, ती वाइनची पहिली पायरी असते. निसर्ग ते काम परवान्याशिवाय करतो. शेतकऱ्यानं मात्र त्यातली दहा किलो उचलून बरणीत घातली तर तो आरोपी.

(जाणकारांनी लगेच भुवया उंचावू नयेत. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही खायची द्राक्षं आहेत, त्यांची वाइन फिकी होते, हे मला ठाऊक आहे. शिवाय फवारणीची द्राक्षं नीट पारखूनच घ्यावी लागतात. पण फिकी वाइन करायचाही हक्क हवा की नको? आपण घरी केलेलं सगळंच लोणचं कुठे मुरतं?)

या प्रकाराची सुरुवात गांधीजींपासून झाली असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. मुंबई इलाख्यात १८७८ साली इंग्रजांनी अबकारी कायदा आणला. त्याआधी गावोगाव, पाड्यापाड्यांवर लोक मोहाची, ताडामाडाची आपापली पेयं करत. साहेबाला त्यातून हवा तसा महसूल मिळेना. म्हणून गाळण्याचा धंदा ठरावीक भट्ट्यांकडे आणि मक्तेदारांकडे दिला, आणि घरी करणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं. एवढ्यानं भागेना, तेव्हा १८९२ साली खास मोहफुलांसाठी कायदा करून ठाणे-कुलाब्याकडे ती फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच बंधनं घातली. म्हणजे झाडाखाली पडलेलं फूल उचलायचीसुद्धा चोरी! यात नीतीचा प्रश्न कुठेच नव्हता. प्रश्न तिजोरीचा होता. दारूबंदीचा सोवळा अंगरखा त्यावर फार नंतर चढला.

आणि आजही आत काय आहे ते बघा. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं, धान्यापासून करायच्या 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाच्या नव्या प्रकाराला जागा दिली, आणि वर्षाला सुमारे १४ हजार कोटी जादा मिळतील असा हिशेब मांडला. एवढा पैसा दारूतून काढू बघणाऱ्या सरकारनं माझ्या पाच लिटरच्या बरणीकडे बोट दाखवून समाजस्वास्थ्याची काळजी करावी, याला आमच्याकडे खास शब्द आहे, पण तो लिहिण्यासारखा नाही.

अल्कोहोल या पदार्थाशी फलटणची ओळख तशी जुनी आहे. साखर कारखान्याच्या गावाला मळी आणि डिस्टिलरी कोणी समजावून सांगावी लागत नाही. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकापासून गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल करण्यावर काम झालं. सूर्याच्या उष्णतेवर ते गाळण्याचा प्रायोगिक प्रकल्प झाला, आणि निम्मं पाणी असलेल्या अल्कोहोलवर चालणारी शेगडी आणि कंदीलही तयार झाले. चुलीच्या धुरात डोळे घालवणाऱ्या बाईसाठी केवढी मोलाची गोष्ट! पण अशा इंधनाच्या वाटेत अबकारीचे नियम आडवे येतात, हे संस्थेच्या डॉ. अनिल राजवंशी यांनी मांडलं आहे. सांगायचा मुद्दा हा की अल्कोहोल मोठ्या टाकीत असलं की तो उद्योग, आणि सामान्य माणसाच्या घरात आलं की तो संशय. मग ते शेगडीत असो की पेल्यात.

२०२२ चा जानेवारी आठवतोय? १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी द्यायचं मंत्रिमंडळानं ठरवलं आणि राज्यात गदारोळ उठला. विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' म्हणून बोंब ठोकली, अण्णा हजारे उपोषणाला निघाले. उलट बाजूनं सांगितलं गेलं की वाइन म्हणजे दारू नव्हेच, आणि हे सगळं शेतकऱ्यासाठी आहे. पुढे हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि निर्णय बासनात गेला.

मला विचाराल तर दोन्ही बाजू खोटं बोलत होत्या. वाइन दारूच आहे. बारा टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाला दुसरं काय म्हणणार? आणि 'शेतकऱ्यासाठी' म्हणाल, तर शेतकऱ्याला स्वतःच्या द्राक्षांची वाइन स्वतःच्या घरी करू द्या असं त्या गदारोळात एकही माणूस बोलला नाही. ना इकडचा, ना तिकडचा. शेतकऱ्यानं द्राक्षं पिकवावीत, वायनरीनं वाइन करावी, सुपरमार्केटनं विकावी, आणि शेतकऱ्यानं मॉलमध्ये जाऊन ती सातशे रुपयांना विकत घ्यावी. वा रे न्याय!

आता वाइन करतात तरी कशी ते सांगतो, कारण विरोध करणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ते माहीत नसतं. मी ती फलटणला केलेली नाही. मुलगी आणि जावई अमेरिकेत न्यू जर्सीला असतात, तिथे केली. तिथला कायदा असा की घरात दोन किंवा अधिक सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर वाइन घरच्यासाठी बिनधास्त करा, फक्त विकू नका. आणि हा तो देश, ज्यानं १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी करून बघितली! त्या बंदीच्या कायद्यातसुद्धा घरी फळांचा रस करायला पळवाट ठेवली होती, आणि त्या वाटेनं घरोघर वाइन होत राहिली.

सप्टेंबरात तिथे काँकर्ड नावाची काळी, जाड सालीची द्राक्षं येतात. नऊ किलो आणली. देठं काढली, हातानं कुस्करली, सालीसकट भांड्यात घातली. काँकर्डला साखर कमी असते म्हणून वरून घातली. हिशेब सोपा आहे. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल होतं. यीस्ट घातलं, वर फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी भांडं बोलायला लागलं. इडलीचं पीठ फुगताना जसं हळूच फुसफुसतं ना, तसंच. साली वर येतात, त्या रोज दोनदा खाली दाबायच्या. आठवड्यानं गाळून काचेच्या मोठ्या बरणीत भरायचं. त्या बरणीचं बूच असं असतं की आतला वायू बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. हे पथ्य महत्त्वाचं. हवा लागली की व्हिनेगर, आणि घट्ट बूच मारलं की स्फोट. मग गाळ खाली बसेल तशी वरची निवळ दुसऱ्या बरणीत ओढून घ्यायची, आणि थांबायचं. फेब्रुवारीत परत निघालो तेव्हा सहा लिटरला थोडी कमी भरली. फार ग्रेट होती असं नाही. पण द्राक्षाची चव होती, आणि आम्ही चौघांनी पिठलं-भाकरीबरोबर अर्धा-अर्धा पेला घेतली. स्टीलच्या पेल्यात! (तिखट पदार्थाबरोबर तुरट लाल वाइन घेऊ नये, जास्तच झोंबते. किंचित गोडसर असेल तर छान जमते. हे कोणी पुस्तकातून सांगितलं नाही, पिठल्यातल्या मिरचीनं सांगितलं.)

त्याच न्यू जर्सीत व्हाइनलंड नावाचं गाव आहे. तिथल्या थॉमस वेल्च या दंतवैद्यानं १८६९ साली द्राक्षाचा रस तापवून बाटलीबंद करायची युक्ती काढली. का? तर चर्चमधल्या विधीसाठी न आंबलेला रस हवा होता, आणि रस काही केल्या आंबल्यावाचून राहत नव्हता. द्राक्षाची वाइन होऊ नये म्हणून माणसाला शोध लावावा लागला! होण्यासाठी मात्र काहीच लागत नाही.

'पण मास्तर, विषारी दारूनं माणसं मरतात त्याचं काय?' मरतात. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. पण कशानं? मिथेनॉलनं, कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून विकल्यानं. हातभट्टी म्हणजे गाळणं, उकळून अर्क काढणं. त्यात स्फोट, आग, भेसळ सगळं आलं. आंबवलेल्या द्राक्षरसात मिथेनॉल अगदी नाममात्र असतं आणि ते एकवटत नाही, कारण आपण काही गाळतच नाही. वसईकडच्या, मुंबईतल्या ईस्ट इंडियन घरांत नाताळसाठी वाइन लावायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिनं मालवणी घडवलेली नाही. हातभट्टी आणि बरणी या दोन्हींना एकाच कलमात बांधणारा कायदा म्हणजे स्वयंपाकाच्या सुरीला आणि तलवारीला एकच परवाना लावण्यासारखं आहे.

आता खरा आक्षेप. तो ना अण्णांचा आहे, ना विधानसभेतला. तो माझ्या मामीचा आहे.

माझा थोरला मामा दारूनं गेला. पन्नाशीही धड पाहिली नाही त्यानं. मामीनं पाटल्या विकून त्याला दोनदा दवाखान्यात ठेवलं, तिसऱ्यांदा विकायला काही उरलं नव्हतं. मामी आज ऐंशीच्या घरात आहे. हा विषय तिच्यासमोर एकदा काढला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझी बरणी तुझ्या घरात शिकलेल्या माणसांची. माझ्या घरात असती तर?"

या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही, आणि मला जायचंही नाही. ज्या बायका गावसभेत उभ्या राहून मतदानानं बाटली आडवी करतात, त्यांना मी मागास समजत नाही. त्या जे भोगून आल्यात ते वाइनवर गोड गोड लिहिणाऱ्यांनी भोगलेलं नाही. पण मामी, मामानं काय प्यायलं ते आठव. त्यानं आयुष्यात वाइन चाखली नाही. सरकारनं परवाना दिलेल्या दुकानातून, सरकारनं शुल्क घेतलेली चपटी तो घ्यायचा. उपाशीपोटी, उभ्या उभ्या, पाच मिनिटांत, कोणी बघायच्या आत. त्याच्या घरात बरणी नव्हती, आणि तिच्यावरच्या बंदीनं त्याला वाचवलं नाही. बंदी बरणीवर होती, दुकान चौकात होतं! ज्याला आज संध्याकाळी हवी आहे तो माणूस सहा महिने गाळ खाली बसायची वाट बघत नाही.

घरात वाइन आली की व्यसन संपेल असा माझा दावा नाही. फ्रान्सचं उदाहरण लोक फार देतात. त्याच फ्रान्समध्ये १९५६ पर्यंत शाळेच्या भोजनगृहात लहान पोरांना वाइन मिळायची आणि यकृताच्या रोगांनी माणसं मरायची. साठच्या दशकानंतर तिथलं दरडोई वाइन पिणं निम्म्याहून खाली आलं, तेच बरं झालं. लाल वाइन हृदयाला चांगली, हेही आता विसरा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण पूर्णपणे निर्धोक नाही. म्हणून मी आरोग्याच्या नावानं काही मागत नाही. ते ढोंग सरकारी परवान्यालाच लखलाभ असो. आणि ज्या घरात एकाला जरी त्या वाटेला जायची भीती असेल, त्या घरात बरणी येऊच नये. मामीच्या घरात नकोच. पण मामीच्या घरात नको म्हणून राज्यातल्या कोणाच्याच घरात नको, आणि दुकान मात्र प्रत्येक तालुक्यात हवं, हा कुठला न्याय?

आपल्याकडे पिणं म्हणजे लपवणं. कारमध्ये, शेतावर, बारच्या पडद्याआड. ज्याला आपण 'वाइन शॉप' म्हणतो तिथे व्हिस्की-रमचे ढीग असतात आणि खरी वाइन कोपऱ्यात धूळ खात असते. पाटी तेवढी वाइनची. बायको-मुलांसमोर, जेवणाच्या पाटावर, मोजून एक पेला आणि मग ताक-भात, असं चित्र आपल्या डोक्यातच येत नाही. जी गोष्ट उजेडात करता येते तिला आपोआप मर्यादा पडते. सुनेसमोर तिसरा पेला भरायला हात धजत नाही, हे मी स्वानुभवानं सांगतो (सून नाही, मुलगीच होती, पण तिची नजर सासूपेक्षा कडक!).

मागणी फार मोठी नाही. सज्ञान माणसाला, स्वतःच्या घरासाठी, फळांपासून, न गाळता, वर्षाला ५० लिटरपर्यंत वाइन करायची मुभा. अमेरिकेच्या पंधराव्या हिश्श्याइतकीही नाही. विकली तर गुन्हा, गाळली तर गुन्हा, पोरांना दिली तर गुन्हा. गडचिरोली-वर्ध्यासारख्या जिल्ह्यांत, जिथे दारूबंदी आहे, तिथे ही मुभा लावू नका. शेतकऱ्याची तडकलेली द्राक्षं, आमच्याकडची डाळिंबं, बांधावरची जांभळं यांना अजून एक वाट मिळेल, आणि पोलिसांना खरी हातभट्टी शोधायला वेळ मिळेल.

वायनरीला १६ टक्के परत देताना कोणाची नीती आडवी आली नाही. आमदारसाहेब, तुम्ही कोणत्याही पक्षाचे असा. या कायद्यात एक ओळ घाला. शुल्क माफ करू नका, अनुदान देऊ नका, पार्क काढू नका. आमच्या बरणीला तेवढं एकटं सोडा.